रॅम्प हॉलपर्यंत आहे, पण स्टेजवर कसं जायचं?

घुंगरूवाली

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं नुसती वाचनमात्र आहे. आज लिहायला बसले, कारण राग आलाय आणि मदतही हवी आहे.

मी नाशिकला कथक शिकवते. क्लास छोटा आहे, तिसेक मुली आणि दोन मुलगे. तीन वर्षांपूर्वी एक आई तिच्या अकरा वर्षांच्या लेकीला घेऊन आली. मुलगी व्हीलचेअरवर, कमरेखाली हालचाल नाही. मी त्यांना बसवलं, चहा टाकला आणि ओट्यापाशी उभी राहून नकार कसा द्यायचा ते जुळवत होते. खोटं कशाला सांगू? "आमचं सगळं पायांवरच असतं हो..." असं काहीतरी. तेवढ्यात आतल्या मुलींची तिहाई (एकच तुकडा तीनदा करून समेवर संपवायचा) सुरू झाली, आणि ही पोरगी खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत बरोब्बर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर आली. आतल्या दोघी तिथे घसरल्या होत्या. चहा उतू गेला. तिला इथे आपण चिमणी म्हणू.

पहिले सहा महिने शिकले ते मीच. घुंगरू कुठे बांधायचे, इथून सुरुवात. आधी चाकाला बांधून पाहिले. भाजीची हातगाडी आल्यासारखं वाजायला लागलं, कारण चाक फिरलं की घुंगरू वाजणारच, आपल्याला हवं तेव्हा गप्प बसणार नाहीत. मग मनगटांवर बांधले आणि मांडीवर एक पातळ लाकडी पाटी ठेवली. तिच्यावर तळहाताने 'ता' आणि बोटांनी 'थेई'. आता तिची चौगुण (चौपट लय) माझ्या जुन्या मुलींपेक्षा स्वच्छ निघते.

खरा घोळ चकरांचा. एक चाक पुढे, एक मागे ढकललं की खुर्ची जागेवर फिरते. पण दोन्ही हात चाकांवर असले तर हस्तक (हातांची हालचाल) कुठून येणार? यावर तिनेच वाट काढली. एकदा जोरात झटका देऊन हात सोडायचे, खुर्ची आपल्या वेगाने फिरत असताना हस्तक पूर्ण करायचा आणि समेच्या आधी अर्धी मात्रा पंजांनी चाकं धरायची. तळहात सोलवटून निघाले. मग सायकलवाल्यांचे अर्धे हातमोजे आणले. दवाखान्यातली ती घडीची जड खुर्चीही या कामाची नाही, पुढची बारकी चाकं भलतीकडे वळून बसतात. वर्षभर पैसे साठवून त्यांनी मापाची हलकी खुर्ची घेतली, तेव्हा कुठे तीन चकरा एका जागी यायला लागल्या.

आता रागाचं. गेल्या महिन्यात आमचा वार्षिक कार्यक्रम झाला. (हॉलचं नाव देत नाही.) बुकिंग करताना विचारलं, "रॅम्प आहे ना?" "आहे की." आणि होता! स्टीलचा कठडा, निळी पाटी, सगळं चकाचक. फक्त तो प्रेक्षागृहात जातो. स्टेजवर जायला विंगेतून सात पायऱ्या, ग्रीनरूम त्याहून खाली. बाथरूमचा दरवाजा इतका अरुंद की खुर्ची आत शिरेना. पोरगी दुपारी दोनपासून पाणी प्यायली नाही, रात्री साडेनऊपर्यंत. व्यवस्थापक म्हणाले, "चौघं उचलून ठेवतील की, त्यात काय एवढं?" उचलली. घुंगरू बांधलेली चौदा वर्षांची मुलगी, चार अनोळखी बाप्ये, आणि एकाचा हात तिच्या काखेत.

कार्यक्रमानंतर पाहुण्यांनी तिला एकटीलाच शाल आणि नारळ दिला. "हिला पाहून डोळ्यांत पाणी आलं," म्हणाले. हॉल उभा राहिला. घरी जाताना गाडीत ती मला म्हणते, "ताई, माझी तिसरी परण चुकली. कुणालाच कसं कळलं नाही?" (परण म्हणजे पखवाजाच्या बोलांवर नाचायची रचना.)

मला काय उत्तर द्यावं ते सुचलं नाही. पुढचा कार्यक्रम मार्चमध्ये आहे. स्टेजपर्यंत न्यायचा काही उपाय आहे का? कुणी असं शिकवलंय का? आणि त्या शालीचं काय करायचं?

वऱ्हाडी_ठेचा

रुमाल टाकून (म्हंजे जागा धरून) ठेवतो. चाकाले घुंगरू वाचून हसलो, अन् पाण्याचं वाचून गप बसलो. बावा, प्रेक्षकाले रॅम्प हाय म्हणजे यायच्या डोक्यात अपंग माणूस फक्त पाह्याले येते, कराले नाई.

विंगेतला_पक्या

ताई, मी कोल्हापूरकडचा. 26 वर्षं नेपथ्य लावतोय. हिशोब ऐका.

रॅम्पला एकास बारा उतार लागतो, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. स्टेज साडेतीन फूट धरलं तर 42 फूट झाले, वर मधे थांबायला सपाट जागा. एवढी जागा विंगेत कुठनं आणणार? म्हणून आयत्या वेळी फळ्या टाकून कुणी रॅम्प करायला लागलं तर करू देऊ नका. तो घसरगुंडी होतो आणि खुर्ची मागं कलंडते. डोळ्यांनी बघितलंय.

त्यापेक्षा मागं जावा. टेम्पो लागतो तो दरवाजा बघा. बऱ्याच थेटरांत सेट चढवायला मागनं सोय असते, कुठं स्टेजच्या लेव्हलला, कुठं अर्ध्यावर. आम्ही तिथनं सोफा चढवतो, कपाट चढवतो, देव्हारा चढवतो. सगळं चढतंय, माणूस तेवढा चढत नाही. त्या दरवाजाची रुंदी, उंबरा आणि बाहेरच्या जमिनीपासूनची उंची, ही तीन मापं मला पाठवा. दीड फुटाच्या आत फरक असेल तर नेपथ्याच्या लेव्हल (लाकडी चौथरे) वापरून 18 फुटांचा पक्का रॅम्प बसवता येतो, माझ्याकडं नकाशा आहे.

आणखी दोन गोष्टी कुणी सांगत नाही. एक, स्टेजवर जाजम अंथरू नका, चाकं रुततात. विंगेतल्या वायरींवर रबरी पट्टी टाका. दोन, लाईट. साईडचे खालचे स्पॉट उभ्या माणसाच्या पायासाठी लावलेले असतात. बसलेल्या माणसाच्या ते थेट डोळ्यात जातात. त्या दिवशी पोरीला समोरचं काही दिसलं तरी होतं का, विचारा.

घुंगरूवाली

पक्यादादा, आत्ता फोन करून विचारलं. म्हणाली, "डावीकडून दिसतच नव्हतं, मला वाटलं सगळ्यांना तसंच असतं." तीन वर्षं शिकवतेय आणि हे मला सुचलं नाही.

समेवरचा

राग मानू नका. मुलीचं कौतुकच आहे. पण प्रश्न विचारतो, कारण इथे सगळे 'वा वा' करतील. कथकाचा प्राण तत्कार. जमिनीवर पाय पडण्याचा जो नाद आहे तो मांडीवरच्या पाटीतून येणार नाही. मग त्याला कथक कशाला म्हणायचं? वेगळं नाव द्या, नवा प्रकार म्हणा. उद्या परीक्षेत पदन्यासाचे गुण कशावर देणार? शास्त्रीय कलेचे नियम सहानुभूतीपोटी वाकवले की हळूहळू काही उरत नाही.

घुंगरूवाली

समेवरचा, प्रश्न रास्त आहे. पहिल्या दिवशी ओट्यापाशी मी हेच बोलत होते.

पण कथकात बैठकीचा भाव आहे की नाही? लखनौ घराण्याचे शंभू महाराज बसून ठुमरीवर भाव दाखवत, आणि लोक त्यासाठी जीव टाकत. तिथे पाय कुठे होते? आपल्याकडची बैठकीची लावणी घ्या. यमुनाबाई वाईकर बसून अदा करायच्या, हात, मान आणि नजर, बस. त्यांना पुढे पद्मश्री मिळाली. "बसल्यात म्हणून ही लावणी नाही" असं म्हणायची कुणाची छाती होती? बसून नाचणं आपल्या परंपरेत आधीपासून आहे. उभं राहता येणाऱ्याने बसून केलं की ती नजाकत, आणि उभं न राहता येणाऱ्याने केलं की सहानुभूती?

परीक्षेचं मात्र तुमचं बरोबर आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. लय, पढंत (बोल तोंडाने म्हणणं), तिहाईचा हिशोब आणि अभिनय तिला इतरांच्याच फूटपट्टीने मोजा, ती मागे पडणार नाही. सूट मागतच नाहीये. पायांच्या रकान्यात काय लिहायचं ते परीक्षकांनी बसून ठरवायला हवं.

समेवरचा

बैठकीच्या भावाचा मुद्दा मान्य. नृत्तात, म्हणजे भावाशिवायच्या निव्वळ लयीच्या नाचात, तो लागू होत नाही असं अजूनही वाटतं. पण व्हिडिओ असेल तर पाठवा, परण ऐकायची आहे.

स्क्रीनरीडर_सदा

मी दृष्टिहीन आहे, हा धागा ऐकून लिहितोय. लेख आवडला, पण दोन खडे मारतो.

पहिला. चौदा वर्षांच्या मुलीला 'चिमणी' का? आणि तिची बाथरूमची गोष्ट इथे लिहिण्याआधी तिला विचारलंत का? आमच्याबद्दल लिहिणारे सगळे मायेनेच लिहितात, फक्त आम्हाला विचारत नाहीत.

दुसरा. कृपा करून कुणी आता सुधा चंद्रनचं उदाहरण देऊ नका, आणि कुणी तरी देणारच म्हणून मीच देतो. 1981 साली बसच्या अपघातानंतर पाय गेला, जयपूर फूट लावून 1984 मध्ये त्या पुन्हा भरतनाट्यम करायला उभ्या राहिल्या, पुढे त्यांच्या आयुष्यावरच्या सिनेमात स्वतःच काम केलं. अफाट बाई. पण गेली चाळीस वर्षं ही गोष्ट आम्हाला काठीसारखी दाखवली जाते: "तिला जमलं, तुला का नाही?" जिद्दीचं कौतुक केलं की पायऱ्या तशाच ठेवता येतात. आणि त्याच सुधा चंद्रन यांना 2021 मध्ये विमानतळावर तपासणीसाठी कृत्रिम पाय काढायला लावतात म्हणून व्हिडिओ करून दाद मागावी लागली. नंतर सुरक्षा दलाने दिलगिरी व्यक्त केली. एवढी प्रसिद्ध असून ही गत!

आमच्या बाजूचंही सांगतो. कॉलेजात एकांकिका केली होती. स्टेजच्या कडेपासून दोन फुटांवर जमिनीला सुतळी चिकटवून वर टेप लावला होता. अनवाणी पायाला सुतळी लागली की थांबायचं. खर्च वीस रुपये. स्वागत थोरात यांनी एकोणीस दृष्टिहीन कलाकारांना घेऊन 'अपूर्व मेघदूत' उभं केलं. 'स्पर्शज्ञान' हे ब्रेल पाक्षिक चालवणारे तेच. प्रयोग पाहिलेले मित्र सांगतात की नट एकमेकांना धडकत नाहीत हे पाहून लोक आधी थक्क होतात, आणि बऱ्याच वेळाने त्यांना कालिदास आठवतो.

प्रेक्षक म्हणून माझी मागणी साधी आहे. नृत्याच्या कार्यक्रमाला मला नुसता तबला ऐकू येतो. कानात कुणीतरी हळू आवाजात "आता डावा हात डोक्यावर, नजर खाली" एवढं सांगितलं तरी पुरे. तुमची एखादी जुनी विद्यार्थिनी हे काम करू शकेल.

घुंगरूवाली

सदाजी, दोन्ही खडे बरोबर लागले. आईला विचारलं होतं, तिला नव्हतं. काल धागा तिला वाचून दाखवला. पाण्याचं राहू दे म्हणाली, "ते लिहिलंच पाहिजे." पण 'चिमणी' ऐकून तोंड वाकडं केलं. तिचं म्हणणं, नाव ठेवायचंच तर 'गिरकी' ठेवा. तर यापुढे गिरकी.

कानातल्या वर्णनाचं मार्चमध्ये करूनच पाहते. तुम्ही नाशिकला याल का?

मौनी

माझा धाकटा भाऊ जन्मतः बहिरा आहे आणि नाचतो. एक गैरसमज दूर करते. "बहिऱ्यांना जमिनीतून ठेका कळतो" हे सगळे छातीठोकपणे सांगतात. लाकडी स्टेज असेल आणि ढोल जवळ असेल तर थोडाफार कळतो. सिमेंटवर काही नाही. तो मात्रा अंगात मुरवतो, शेकडो वेळा. विंगेत एकजण बोटांनी मोजणारा लागतो आणि बाकीचं शेजारच्याच्या खांद्याकडे बघून चालतं.

घुंगरूताई, तुम्हाला जवळचं वाटेल असं उदाहरण अस्ताद देबूंचं. नवसारीचे पारशी, लहानपणी कथकच शिकले, पुढे कथकली. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कोलकात्यात त्यांनी ॲक्शन प्लेयर्स या बहिऱ्या कलाकारांच्या गटाबरोबर काम सुरू केलं, नंतर चेन्नईच्या क्लार्क शाळेतल्या बहिऱ्या मुलींबरोबर. त्यांचे प्रयोग देशाबाहेर गेले. मला आवडायचं ते हे की त्यांच्या जाहिरातीत दया नसायची. तालमीत चुकलं की बोलणी बसायची, सगळ्यांना सारखीच. 2020 च्या डिसेंबरात ते गेले.

आणि टाळ्या वाजवू नका हो. माझ्या भावाला त्या ऐकू येत नाहीत. दोन्ही हात वर करून पंजे हलवा, त्याला सबंध हॉल हलताना दिसतो.

थेम्सकाठची

मी इंग्लंडात राहते, इथलं थोडं सांगते. (परदेशातलं सगळं गोड असं नाही, आधीच सांगते. इथली जुनी थिएटरं व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, मागच्या बाजूला जिनेच जिने.)

कँडोको नावाची नृत्यकंपनी. 1991 मध्ये सेलेस्ट डँडेकर आणि ॲडम बेंजामिन यांनी काढली. आडनाव वाचून कान टवकारले ना? माझेही! सेलेस्ट आधुनिक नृत्यातली नावाजलेली नर्तकी. 1973 मध्ये मँचेस्टरला प्रयोग चालू असताना स्टेजवरच पडली, मान मोडली आणि पुढचं आयुष्य व्हीलचेअरवर. सतराएक वर्षांनी तिच्याच जुन्या कंपनीतल्या दर्शनसिंग भुल्लर यांनी तिला घेऊन एक छोटी फिल्म केली आणि ती पुन्हा नाचाकडे वळली. त्यानंतर कंपनी. अपंग आणि अपंग नसलेले नर्तक एकत्र, आणि नृत्यदिग्दर्शक बाहेरचे, नावाजलेले. 2008 ला बीजिंगमध्ये आणि 2012 ला लंडनमध्ये पॅरालिंपिकच्या सोहळ्यात ते नाचले.

मी प्रयोग पाहिला तेव्हा पहिली पाच मिनिटं मीही चाकांकडेच बघत होते. मग एका नर्तकाचा आळशीपणा खटकला, हात अर्धवट सोडत होता. तो दोन पायांचा होता! त्यानंतर मी नाच बघायला लागले.

इथे तिकीट काढतानाच विचारतात की काय सोय हवी. कलाकार आधी एक कागद पाठवतो: मला हे लागतं, हे चालत नाही, इतक्या वेळाने विश्रांती. गिरकीकडून असा कागद लिहून घ्या, मराठीत, एक पान. आणि हॉलला पैसे भरायच्या आधी द्या, नंतर नाही.

आदीची_आई

थोडं अवांतर. माझा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे, त्याला गाणं प्राणप्रिय. मैफलीत तो उठून डोलतो, मधेच आवाज करतो. दोनदा आम्हाला "बाहेर न्या" सांगितलं गेलं. घुंगरूताई, तुमच्या कार्यक्रमाचा एक छोटा खेळ असा ठेवाल का, की हॉलमधले दिवे थोडे चालू, आवाज बेताचा, कुणी उठलं-बसलं तरी चालेल? आम्ही तिकीट काढून येऊ, फुकट नको.

कलम_बहाद्दर

कायद्याचं थोडक्यात. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा. त्यातलं कलम 29 पूर्ण संस्कृती आणि मनोरंजनावर आहे, आणि त्यात फक्त प्रेक्षक नाहीत. अपंग कलाकारांना आणि लेखकांना सुविधा व पाठबळ, आणि कलेचे अभ्यासक्रम अपंगांना सहभागी होता येईल असे नव्याने आखणं, दोन्ही आहे. समेवरचा यांच्या परीक्षेच्या प्रश्नाला इथे आधार सापडेल.

कलम 45 म्हणतं, सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून पाच वर्षांत सुगम करा. नियम आले जून 2017 मध्ये, मुदत संपली जून 2022 मध्ये. सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत सांस्कृतिक वापराच्या इमारती येतात, खासगी असल्या तरी. नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नियम नुसते शिफारशीवजा चालणार नाहीत, किमान बंधनकारक मानकं ठरवा. तक्रार पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे करता येते. पहिल्या उल्लंघनाला दंड दहा हजारांपर्यंत, पुढे पन्नास हजार ते पाच लाख.

व्यवहाराचा सल्ला: आधी भांडू नका, आधी लेखी विचारा. "रंगमंच, ग्रीनरूम आणि स्वच्छतागृह व्हीलचेअरवरून वापरता येतं का?" उत्तर लेखी आलं की निम्मं काम होतं, कारण 'नाही' असं सही करून लिहायला कुणी तयार नसतं.

वऱ्हाडी_ठेचा

वकीलसाहेब, वाचनखूण साठवली. शालीचं काई कोणी सांगतलं नाई. माह्या मते शाल सगळ्याईले द्या नाई तं कोणालेच नोका देऊ. पाहुण्याले आधीच सांगून ठेवा का भौ, रडाचं असन तं ठुमरीवर रडा.

घुंगरूवाली

अपडेट. रविवारी गिरकी आणि मी दुसऱ्या एका हॉलच्या मागच्या दरवाजाची मापं घ्यायला गेलो. रखवालदारकाकांनी टेप धरला. रुंदी 4 फूट, उंबरा 3 इंच, बाहेरच्या जमिनीपासून स्टेज 1 फूट 4 इंच. पक्यादादा, तुमच्या दीड फुटात बसतंय! बाथरूम स्टेजच्याच पातळीवर आहे. दरवाजा आतल्या बाजूला उघडतो, त्यामुळे खुर्ची आत गेल्यावर लागत नाही. बिजागरी फिरवून बाहेर उघडता येईल का, असं विचारलंय. काका म्हणाले सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. लेखी पत्र दिलंय, उत्तराची वाट बघतोय.

आदीची आई, सकाळी अकराचा खेळ तुमच्यासाठी ठरला. सदाजींच्या कानाशी बोलायला माझी जुनी विद्यार्थिनी तयार आहे. तिची रंगीत तालीम घेतली तेव्हा कळलं की नाचाचं वर्णन करायला आपल्याकडे क्रियापदंच कमी पडतात. 'हात नेला', 'हात आणला', याच्यापुढे गाडी जाईना.

खाली गिरकीला दोन ओळी लिहायच्या आहेत.

*ताईंच्या आयडीवरून लिहितेय. एक दुरुस्ती: चुकली ती दुसरी परण होती. तिसरी बरोबर आली होती, व्हिडिओत बघून घ्या. समेवरचा काका, तुम्हाला पाठवलाय. पक्यादादा, डावीकडचा लाईट किती वर घ्यायचा ते सांगा, माझी उंची बसून 3 फूट 11 इंच आहे.*

विंगेतला_पक्या

साडेपाच फुटांवर घे आणि थोडा खाली वाकव. मार्चमध्ये मी स्वतः येतो लावायला.